कोलचेस्टरच्या पोटातले रोमन शहर: भाजलेली माती आणि उपसलेल्या भिंती

इंग्लंडच्या पूर्वेला एसेक्स परगण्यात कोलचेस्टर आहे. २०२२ साली त्याला शहराचा अधिकृत दर्जा मिळाला, पण बाजारपेठ, अरुंद गल्ल्या आणि जुनी चर्च अशी त्याची घडण गावासारखीच राहिली आहे. खाली रोमन शहर आहे हे इथे कुणाला शोधून काढावे लागले नाही. सुमारे २,८०० मीटर लांबीची रोमन तटबंदी अजून बऱ्याच ठिकाणी उभी आहे. शोधावे लागले ते तटाच्या आत काय आणि कुठे होते ते. आत मोकळी जमीन फारशी नाही. एखादे दुकान पाडून नवे बांधताना, तळघर खोल करताना किंवा गटाराची लाइन टाकताना जेवढे उघडे पडते तेवढेच पाहायला मिळते.

अशा तुकड्यातुकड्यांतून रस्ते आणि इमारतींचा जो नकाशा उभा राहिला, तो मुख्यतः दोन प्रकारच्या पुराव्यांवर उभा आहे: आगीत भाजलेली माती, आणि दगड काढून नेल्यावर मागे राहिलेले चर. त्यामुळे इथली सगळ्यांत कच्ची घरे सगळ्यांत चांगली कळली आहेत, आणि पक्क्या इमारती त्यांच्या गैरहजेरीवरून ओळखाव्या लागतात. हे ध्यानात घेतले नाही तर कोलचेस्टरचा कुठलाही उत्खनन अहवाल चुकीचा वाचला जाईल.

खाली काय असणे अपेक्षित आहे

इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजांनी ब्रिटनवर स्वारी केली. कॅमुलोडुनम, म्हणजे आजच्या कोलचेस्टरचा परिसर, हे तेव्हा स्थानिक सत्तेचे मोठे केंद्र होते. ते घेतल्यावर रोमनांनी तिथे विसाव्या लीजनची, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या दलाची, छावणी बांधली. इ.स. ४९ मध्ये लीजन पुढे हलली आणि छावणीच्या जागी निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. इ.स. ६० किंवा ६१ मध्ये आयसेनी टोळीची राणी बुडिका हिने बंड केले आणि वसाहत जाळून टाकली. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की गावाला ना खंदक होता ना तट, आणि क्लॉडियसच्या मंदिरात कोंडून घेतलेले लोक दोन दिवसच तग धरू शकले. नंतर गाव पुन्हा बांधले गेले. आज दिसणारा तट साधारण इ.स. ६५ ते ८० या काळातला आहे. ज्या गावाला उघडे असल्याची किंमत मोजावी लागली, त्याने इतक्या लवकर दगडी तट बांधावा हे समजण्यासारखे आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक रोमन गावांना दगडी तट फार उशिरा मिळाले.

म्हणजे उत्खननात खालून वर येताना तीन टप्पे अपेक्षित धरायचे: छावणी, बंडापूर्वीची वसाहत, आणि बंडानंतरचे तटबंद शहर. शेवटच्या दोहोंच्या सीमेवर जळका थर.

छावणी गावाच्या थेट खाली होती हे १९७० च्या दशकापर्यंत पक्के झाले नव्हते. लायन वॉक इथे नव्या बाजारसंकुलासाठी १९७१ ते ७४ दरम्यान झालेल्या उत्खननात छावणीचा खंदक आणि मातीचा बांध सापडला. खंदक भरून टाकलेला, बांध सपाट केलेला, आणि त्यावर घरे. टॅसिटसचे वाक्य जमिनीत जसेच्या तसे सापडले. पुढे कल्व्हर स्ट्रीटवर १९८१ ते ८५ दरम्यान दिसले की सैनिकांच्या सगळ्या बराकी पाडल्या नव्हत्या. काहींना तशाच ठेवून घरे केली होती. म्हणून कोलचेस्टरमध्ये ‘ही भिंत छावणीची की वसाहतीची?’ याचे उत्तर पुष्कळदा ‘दोहोंची’ असे असते. बांधल्याचा काळ एक, जळाल्याचा दुसरा.

जळका थर वाचताना

पहिल्या वसाहतीची घरे मातीची होती. काही भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, काही लाकडी चौकटीत कुड घालून लिंपलेल्या. अशी घरे नुसती पडली तर पावसाने विरघळून मातीत माती होतात आणि दोन हजार वर्षांनी त्यांचा मागमूस राहत नाही. आगीने उलटे केले. भिंती भाजून विटेसारख्या टणक झाल्या. छत कोसळले, त्यावर भिंती कोसळल्या, आणि आतल्या वस्तू हवा न मिळता करपल्या. लाकूड मोकळ्या हवेत जळले तर राख होते. मातीच्या ढिगाखाली दबून जळले तर कोळसा होतो आणि आकार टिकतो. लायन वॉकला एक खाट तिच्या गादीसह कोळसा होऊन राहिली होती. खजूर सापडले, तेही आपल्या आकारात. खजूर इथे पिकत नाही, तेव्हा ते भूमध्य समुद्राकडून आलेले.

थर दिसतो लाल-केशरी, मध्ये काळे पट्टे, आणि जागोजाग अर्धा मीटरपर्यंत जाड. भाजलेल्या मातीचा तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहावा. कुडाची भिंत असेल तर आतल्या बाजूला काठ्यांच्या गोल खाचा दिसतात. त्या मोजल्या की काठ्यांची जाडी आणि अंतर कळते. कच्च्या विटेच्या भिंतीवर गिलावा धरावा म्हणून बाहेरच्या अंगाला तिरप्या नागमोडी रेघा उठवलेल्या असतात. त्याच तुकड्याला चुन्याचा पातळ पापुद्रा चिकटलेला असला तर ती खोली आतून गिलाव्याची होती. एका मुठीएवढ्या ढेकळातून भिंतीची जात, तिची सजावट आणि कोणती बाजू आतली हे सगळे मिळते. म्हणूनच हे तुकडे ‘जळका राडारोडा’ म्हणून पाटीत टाकून देणे हे इथले सगळ्यांत मोठे नुकसान.

हाय स्ट्रीटवर १९२० च्या दशकात काच आणि भांड्यांचे जळालेले साठे सापडले. वितळून घट्ट झालेली काच, आणि गॉलमधून (ढोबळमानाने आजचे फ्रान्स) आलेली लाल चकाकीची ‘सामियन’ भांडी आगीत काळवंडलेली. एका जातीची इतकी भांडी एकत्र सापडणे म्हणजे ते दुकान. अशी भांडी कालनिर्णयाला अनमोल असतात, कारण त्यांच्या घडणीत आणि नक्षीत दर काही वर्षांनी फरक पडत गेला आणि पुष्कळांवर कुंभाराचा शिक्का असतो.

आता फसगत कुठे होते ते. लाल माती दिसली की बुडिकाचे नाव घ्यायची घाई होते. भट्टी, चूल, एखाद्याच घराला लागलेली आग, यांनीही माती लाल होते. शिवाय बंडानंतर गाव बांधताना लोकांनी हाच राडारोडा पसरून जमीन सपाट केली, खड्डे भरले, नव्या भिंतींच्या मातीतही तो मिसळला. तेव्हा तपासायचे असे: माती जिथे भाजली तिथेच आहे का, म्हणजे खालची जमीन आणि भिंतीचा बुंधाही भाजलेला आहे का, थर एका खोलीपुरता आहे की शेजारच्या घरांतही तसाच जातो, त्याखाली आणि त्यात इ.स. ६०-६१ नंतरचे एकही खापर किंवा नाणे नाही ना. तिन्ही जमले तरच तो बंडाचा थर. नुसते भाजलेले तुकडे विखुरलेले असतील तर ती नंतरची भरणी, आणि तिच्यावरून बंडाची व्याप्ती काढणे चूक.

२०१४ साली हाय स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानाच्या विस्तारासाठी कोलचेस्टर आर्किऑलॉजिकल ट्रस्टने उत्खनन केले, तेव्हा काम संपता संपता एका घराच्या जमिनीत उकरलेला लहान खड्डा लागला. त्यात सोन्याचांदीचे दागिने आणि नाणी. खड्डा जमिनीत उकरलेला आणि वर जळका थर, म्हणजे पुरणाऱ्याने ते आगीच्या आधी घाईने लपवले आणि परत येऊन काढले नाही. फेनविक ठेव या नावाने ती आता ओळखली जाते. ती जागेवर सुटी केली नाही. भोवतीच्या मातीसकट गोळा उचलून नेला आणि बंद खोलीत सावकाश उकलला. असा गोळा उचलताना आधी चारी बाजूंनी माती खोल कापतात, उघड्या अंगाला आवरण घालून घट्ट बांधतात, मग खालून पत्रा किंवा फळी सारतात. घाईने दागिने वेचले असते तर कशाला काय लागून होते आणि कशात गुंडाळले होते हे गेले असते. त्याच जागी मानवी हाडांचे तुकडेही मिळाले, त्यांवर जड धारदार शस्त्राचे घाव होते. बंडात मेलेल्यांचा असा प्रत्यक्ष पुरावा कोलचेस्टरमध्ये फार थोडा आहे.

रस्ता ओळखायचा कसा

कोलचेस्टरचे रोमन रस्ते फरसबंदीचे नव्हते. स्थानिक वाळूमिश्रित बारीक खडी पसरून धुमसलेली, मधोमध उंच आणि कडेला उतरती. कडेला पाण्याची चारी. दर काही वर्षांनी वर नवी खडी टाकत, म्हणून रस्त्याचा उभा छेद घेतला की एकावर एक पट्टे दिसतात: घट्ट खडी, तिच्यावर चिखलाची पातळ साय, पुन्हा खडी. चिखलाची साय म्हणजे वापराचा काळ, खडी म्हणजे दुरुस्ती. रस्ता असा उंच चढत गेला की शेजारच्या घरांची जमीन खाली राहते आणि पावसाचे पाणी घरात शिरू लागते. मग तीही उंचावतात. त्यामुळे एकाच काळाची घराची जमीन आणि रस्ता एका पातळीवर सापडेलच असे नाही. पातळीवरून काळ जुळवायला जाणारा इथे हमखास चुकतो.

लहान चरात खडीचा थर लागला तर तो रस्ता, अंगण की एखादे काम करायचे आवार? मधोमध उंचवटा, कडेची चारी, चाकोऱ्या आणि वारंवार झालेली दुरुस्ती या चार खुणांपैकी निदान दोन तरी हव्यात. मग तो तुकडा आधीच ठाऊक असलेल्या रस्त्यांच्या रेषेत पडतो का ते पाहायचे. कोलचेस्टरमध्ये याला एक गुंता आहे. पश्चिम भागातले रस्ते छावणीच्या रस्त्यांवर बसलेले आहेत, तर पूर्वेकडचा भाग वसाहतीच्या वेळी नव्याने आखला, त्याचा कोन थोडा वेगळा. एका भागाची रेषा सरळ ताणून दुसऱ्या भागात रस्ता ‘काढणे’ म्हणून धोक्याचे. आजचे हाय स्ट्रीट, हेड स्ट्रीट आणि नॉर्थ हिल रोमन रस्त्यांच्या ओळी ढोबळमानाने धरून आहेत, पण बाकीच्या बहुतेक आधुनिक गल्ल्यांचा खालच्या जाळ्याशी संबंध नाही.

रस्त्याच्या कडेने पाण्याचे लाकडी नळ असत. लाकूड कुजून जाते. राहतात ती सांध्यांवरची लोखंडी कडी, गंजलेली, ठरावीक अंतराने एका रेषेत. बाल्कर्न लेनच्या उत्खननात अशा नळांचा माग लागला. एकच कडे सापडले तर ते भंगार वाटते. म्हणून लोखंडाचा प्रत्येक तुकडा उचलण्यापूर्वी त्याची जागा आणि पातळी मोजून नोंदवायलाच हवी.

नसलेल्या भिंती

बंडानंतरची शहरातली चांगली घरे दगड, चुना आणि पक्क्या विटांची होती. काहींत मोझेकची जमीन. त्या भिंती आज क्वचितच सापडतात. या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही. सेप्टेरिया नावाचे चिकणमातीतले कठीण गोटे समुद्रकाठावरून आणावे लागत. त्यामुळे मध्ययुगात ज्याला बांधायचे होते त्याला जमिनीखालचा तयार माल दिसत होता. होली ट्रिनिटी चर्चचा मनोरा, सेंट बोटोल्फचा मठ आणि नॉर्मन किल्ला यांच्या भिंतींत रोमन विटा आजही बघता येतात. खालचे शहर उपसून वरचे शहर बांधले गेले.

दगड काढणारा भिंतीच्या माथ्यापासून खाली चर खणत जाई, पायातले दगड काढी आणि निरुपयोगी चुना, विटांचे तुकडे, माती परत लोटून देई. तो चर म्हणजे भिंतीचा साचा. फक्त त्याची रुंदी म्हणजे भिंतीची रुंदी नव्हे. काढणाऱ्याला हात घालायला जागा लागते, म्हणून चर वर रुंद आणि तळाशी भिंतीएवढा होतो. मोजमाप तळाशी घ्यायचे. तळाला चुन्याची एक पातळ थापी शिल्लक असते, तिच्यावर पायाच्या शेवटच्या दगडांचे ठसे मिळतात. चराच्या भरणीत सापडलेली मध्ययुगीन खापरे दगड कधी काढले ते सांगतात, भिंत कधी बांधली ते नाही. बांधल्याचा काळ चराने जे थर कापले आहेत त्यांतून आणि भिंतीला येऊन टेकलेल्या जमिनींतून काढावा लागतो. पण चराने नेमकी तीच टेकण्याची कड खाल्लेली असते! म्हणून चराला चिकटलेली जमिनीची अर्धा हात पट्टी सर्वांत काळजीने खणतात.

किल्ल्याखालचा चौथरा

सगळ्यांत मोठी इमारत मात्र टिकली, कारण तिच्यावर त्याहून मोठी इमारत बसली. नॉर्मनांनी अकराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याचा बुरूज इतका अवाढव्य का, याचे उत्तर खाली आहे: तो क्लॉडियसच्या मंदिराच्या चौथऱ्याला वेढून बांधला. चौथरा साधारण ३२ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. आतून तो भरीव नाही. जाड भिंतींच्या मध्ये वाळू ठासून त्यावर चुनेगच्चीचा माथा घातला होता. १६८३ मध्ये जॉन व्हीली याने किल्ला पाडून माल विकण्यासाठी विकत घेतला. त्याच्या खटाटोपात ही वाळू उपसली गेली आणि पोकळ्या मोकळ्या झाल्या. लोक त्यांना किल्ल्याची तळघरे समजत राहिले. ती रोमन मंदिराचा पाया आहेत हे १९१९-२० च्या सुमारास मॉर्टिमर व्हीलर आणि फिलिप लेव्हर यांनी दाखवले. भिंतींच्या बांधणीवरून त्यांनी ताडले की त्या खणलेल्या चरांत चुना आणि दगड ओतून केल्या आहेत, म्हणजे मोकळ्या खोल्या म्हणून त्या कधी बांधल्याच नव्हत्या.

हाच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचा महासंचालक झाला. १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला त्याने इटलीतल्या लाल चकाकीच्या भांड्यांवरून तिथल्या थरांचा काळ बांधला. तर्क कोलचेस्टरच्या सामियन भांड्यांचाच: काळ ठाऊक असलेली परदेशी वस्तू, अचूक नोंदलेला थर. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी इंग्लंडमध्ये शिकताना व्हीलरच्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उत्खननात काम केले होते. पुढे ते कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला खणायला गेले, तिथेही सातवाहन काळाच्या वस्तीत भूमध्य समुद्राकडून आलेल्या कांस्यवस्तू त्याआधी मिळाल्या होत्या, समुद्रदेव पोसायडनची मूर्ती त्यांत आहे.

चर घालण्याची रीत

मध्यवस्तीत रोमन थर साधारण दोन मीटरच्या आसपास लागतात, कुठे वर, कुठे बरेच खाली. आधी कागदावरचे काम: जुनी उत्खनने, गटारांच्या नोंदी, जुने नकाशे, आणि विशेषतः तळघरे. व्हिक्टोरियन तळघर असेल तर त्याखाली बंडाचा थर गेला असण्याची शक्यता मोठी, पण दोन तळघरांच्या मधली भिंत जिथे उभी असते तिथे मातीची एक अरुंद पट्टी अखंड राहते. ती शोधायची. भूभेदी रडार काँक्रीट, लोखंडी जाळी आणि नळांच्या गर्दीत गोंधळते. त्याच्या चित्रावर एकट्यावर भरवसा ठेवू नये.

वरचे काँक्रीट आणि आधुनिक भरणी यंत्राने काढतात, पण बादली बिनदात्यांची हवी, नाहीतर थराचा माथा ओरबाडला जातो. रोमन थरांच्या वर बहुतेक ठिकाणी काळसर, एकजिनसी माती असते. ती निरुपयोगी भरणी समजून यंत्राने उडवण्याचा मोह टाळावा, कारण रोमन काळाच्या अखेरीच्या आणि त्यानंतरच्या खुणा तिच्यातच विरलेल्या असतात. चर सव्वा मीटरपेक्षा खोल जाऊ लागला की कडा पायऱ्यांनी उतरवायच्या किंवा आधार लावायचा. जागा अरुंद असेल तर प्रत्येक पायरीबरोबर तळाचे क्षेत्र आक्रसते, आणि सगळ्यांत जुने थर टपालाच्या पाकिटाएवढ्या जागेत वाचावे लागतात. योजना करताना हे गणित आधी मांडले नाही तर छावणीपर्यंत पोहोचण्याआधीच जागा संपते. जळक्या थरातून सुमारे ४० लिटरचा नमुना एकेका ठिकाणाहून घेऊन पाण्यात तरंगवतात. करपलेले धान्य वर येते, जड वस्तू जाळीत राहतात.

सर्कस

या सगळ्या पद्धतीची खरी कसोटी लागली ती तटाच्या दक्षिणेला, आधुनिक ब्रिटिश लष्कराच्या छावणीच्या जागी नवी घरे बांधण्याआधीच्या उत्खननात. २००४ मध्ये तिथे दगड उपसलेल्या पायांचे चर लागले. जोडीजोडीने, काही मीटर अंतरावर समांतर, सरळ आणि फार लांब. घराचा पाया असता तर आडव्या भिंती आणि खोल्या हव्या होत्या. त्या नव्हत्या. बाहेरच्या भिंतीला ठरावीक अंतराने टेकू होते, म्हणजे आतून कसला तरी भार पेलायचा होता. तशीच दुसरी जोडी सत्तरहून थोड्या जास्त मीटरवर पलीकडे मिळाली. पुरातत्त्वज्ञ फिलिप क्रमी आणि कोलचेस्टर आर्किऑलॉजिकल ट्रस्टच्या लोकांनी हे तुकडे जोडले आणि उत्तर आले: रथशर्यतीची सर्कस, साधारण ४५० मीटर लांब, दोन्ही अंगांना प्रेक्षकांच्या बैठकी. २००५ च्या जानेवारीत ते जाहीर झाले. एका टोकाला रथ सुटण्याची आठ दारे होती, त्यांचाही पाया नंतर मिळाला. ब्रिटनमध्ये सापडलेली ही एकमेव सर्कस आहे. एवढी मोठी इमारत इतकी वर्षे लपून राहिली, कारण तिचा एकेक तुकडा एखाद्या नळाच्या चरात ‘कसला तरी पाया’ एवढाच दिसणार. लांबी कळायला चर एकमेकांपासून दूर आणि एकाच मोजणी-जाळ्यात हवेत.

आता सर्वांत चांगला उपाय म्हणजे शक्य तिथे न खणणे. बेरीफील्ड मोझेकसाठी प्रसिद्ध असलेल्या बागेच्या परिसरात २०११ मध्ये उघडलेले फर्स्टसाइट हे कलादालन खोल पायाऐवजी उथळ, सलग तरत्या पायावर उभे केले आहे, म्हणजे खालचे थर शाबूत राहतात. जिथे खांब ठोकावेच लागतात तिथे त्यांची संख्या कमी, अंतर जास्त आणि जागा आधीच्या तळघरांच्या खड्ड्यांत धरतात. दाट खांबांत अडकलेला थर कागदोपत्री ‘जतन’ झालेला असतो, पण त्यांच्या मधल्या फटींतून पुढच्या काळात कुणालाही खोलीचा नकाशा काढता येत नाही.